धोंडुबाईच्या नावचा परवाना

कसबा बावडा, कोल्हापूर
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. स्नेहल हिस,

तुझ्या आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. हे पत्र शेजारची शिलाईवाली रुबीना लिहितीया. शुद्ध करून लिहिते म्हणत होती. मी म्हटलं, बोलते तसंच लिही, नायतर नातीला वाटंल आजीच्या जागी कुणी मास्तरीण आणून बसवली.

फोन सोडून पत्र का, तर माझा फोन तुझ्या विजूमामानं नेलाय. रिचार्ज करून आणतो म्हणाला, त्याला महिना झाला. रिचार्ज करतोय का रानातली हीर भरतोय, देव जाणे. सुनेच्या फोनवरनं बोलावं तर ती स्पीकर लावून शेजारी मेथी निवडत बसती. एक जुडी दोन तास निवडती.

पोरी, घरात कायतरी शिजतंय. विजू रोज सकाळी पाया पडतोय. इतकी वर्षं दिवाळीचा पाडवा सोडला तर माझं पाय कुठं असत्यात हे त्याला ठाऊक नव्हतं. सून चहात साय घालून देती. मी शिंकले की दोघं दोन दारांतनं धावत येत्यात. परवा डॉक्टरकडं नेऊन रक्त तपासलं, आणि सगळं चांगलं हाय म्हटल्यावर विजूनं डॉक्टरला पेढं दिलं. आधी वाटलं, ह्यांचा रानावर डोळा हाय. पण रानावर डोळा असता तर म्हातारी मरावी असं वाटलं असतं. ह्यांना तर मी जगायला पाहिजे हाय. तिथंच मला धडकी भरली.

आणखी एक. सिमेंटच्या दुकानाचा माणूस आलता, मला मालकीणबाई म्हणून हात जोडून गेला. विजूनं त्याला खांद्याला धरून बाहेर नेलं. राधानगरीकडं ओढ्यावर विजूनं बांधलेला साकव पहिल्याच पावसात चिरला, तवापासनं कंत्राटं सोडली असं तो सांगतो. मग सिमेंट कुणाला लागतंय?

जरा चौकशी कर. उत्तर रुबीनाच्या पत्त्यावर धाड. घरी धाडलंस तर आधी सून वाचंल आणि मला तिच्या सोयीचं तेवढंच वाचून दाखवंल. बाकी क्षेम. लोभ हाय तेवढाच ठेव, एकदम वाढवलास तर तुझ्यावरबी संशय येईल.

तुझी आजी,
धोंडुबाई
(निशाणी डावा अंगठा)


जयसिंगपूर
२० जानेवारी २०२५

ती. आजीस,

स्नेहलचा शि. सा. न. वि. वि. पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा वाटलं, कुठली तरी नोटीस आली. उघडल्यावर कळलं की नोटीसच आहे, फक्त तू काढलेली.

आमच्या शाळेतल्या एका बाईंचे भाऊ आकाराम ठेकेदार आहेत. त्यांना विचारलं. त्यांनी मंजूर कामांची यादी काढून दाखवली आणि मी खुर्चीत नीट बसले, तूही बस. राधानगरीकडच्या एका वाडीत अंगणवाडीची इमारत होते आहे. ठेकेदार, मेसर्स धोंडुबाई कन्स्ट्रक्शन, कसबा बावडा. मालक म्हणून तुझं नाव आहे.

सरकारी काँक्रीटचं काम घ्यायचं तर ठेकेदाराची नोंदणी लागते, मजूर लावायचे तर त्याचा परवाना वेगळा. साकव चिरल्यावर मामाची नोंदणी वर्षभरासाठी बंद केली आहे. त्याने कंत्राटं सोडली नाहीत, कंत्राटांनी त्याला सोडलं. म्हणून त्याने तुझ्या नावाने नवी नोंदणी काढली. त्या कागदांचे ओटीपी नंबर मोबाइलवर येतात, म्हणून फोन त्याच्या खिशात. आणि मालकाचं बरंवाईट झालं तर परवानाही संपतो. तुझ्या शिंकेला एवढा मान का, ते आता लक्षात येईल.

पण आजी, हसण्यावारी नेऊ नकोस. कामावर देखरेखीला अभियंता दाखवावा लागतो, तिथे आदर्श नावाच्या कुणाचं नाव आहे. आकाराम म्हणतात, हे नाव बऱ्याच ठेकेदारांच्या कागदावर असतं, जागेवर मात्र हा माणूस कुणी पाहिलेला नाही. उद्या अंगणवाडीचा स्लॅब साकवासारखा गेला तर पकडणार तुला. आणि त्या स्लॅबखाली वाडीची लहान पोरं बसणार आहेत.

मी तक्रार करू शकते. केली तर मामाला पुन्हा कधी नोंदणी मिळणार नाही. म्हणून आधी तुला विचारते. एवढं आठव, तू अंगठा कुठे दिलास?

तब्येतीला जप. हे मी मामासारखं म्हणत नाही. तुझ्या मायेचा वाटा मला असाच मिळत राहो.

तुझी,
स्नेहल


कसबा बावडा
२६ जानेवारी २०२५

चि. सौ. स्नेहल हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र रुबीनानं वाचलं. मग तिचा सासरा, एस.टी.तला रिटायर कंडक्टर बादशहा, त्याच्याकडनं परत वाचून घेतलं. दोघांनी सारखंच वाचलं. आपल्यावर विश्वास न्हाय म्हणून रुबीना रुसलीया, आणि हे वाक्य लिहिताना तिनं मुद्दाम अक्षर वाईट काढलंय.

अंगठा आठवला. दिवाळी झाल्यावर तुझ्या आजोबांच्या पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. दरसालासारखी विजूच्या गाडीवर गेलते. मशिनीवर अंगठा दिला. मग तो म्हणाला, आई, आणखी दोन कागदांवर दे, सरकारला आता तीनतीनदा खात्री लागती. मी दिला. म्हातारं माणूस जितं हाय ह्याची खात्री कुणालाच लवकर पटत न्हाय, हे मला ठाऊक हाय. जिती हाय म्हणून सांगायला गेले आणि कंत्राटदार होऊन घरी आले!

तक्रार करू नको. पोटचा हाय. पण पोरांच्या डोक्यावर माझं नाव ठेवून मला झोप यायची न्हाय. साकव चिरला तवा त्यो म्हणालता, पाण्याला जोर लई होता. मी मानलं. आईनं मानलं की मग कुणाला इचारायचं राहत न्हाय.

शुक्रवारी स्लॅब हाय. विजू लाडीगोडीनं म्हणाला, आई, नारळ फोडायला चल, फोटो काढू, तेवढंच फिरणं होईल. मालकिणीचा फोटो कचेरीत लागत असंल. मी म्हटलं, येते की. नवं लुगडं नेसून येते.

आजपासनं कुठंच अंगठा न्हाय, ह्या पत्रावरबी न्हाय. माझ्या निळ्या चोळीची चिंधी रुबीनानं टाचणीनं लावलीया, ती खूण. चिंधी नसंल ते पत्र माझं न्हाय असं समज. आजीवर जीव ठेव, पण डोळाबी ठेव.

तुझी आजी,
धोंडुबाई
(चिंधी)


जयसिंगपूर
२९ जानेवारी २०२५

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. चिंधी पोचली. घाईत लिहिते. काल मामाचा फोन आला. आजीशी काही बोलणं झालं का, असं विचारत होता आणि मला बाळ म्हणत होता. आजवर मला त्याने स्नेहले याशिवाय हाक मारलेली नाही. मी म्हटलं, आजीचा फोन तर तुझ्याकडेच आहे ना मामा. त्यावर रेंज गेली.

तू नारळ फोडायला इतक्या सहज तयार झालीस, तेच मला पटत नाही. शाळेला सुट्टी नाही, नाहीतर आले असते. काय करायचं ते जमिनीवर राहून कर, शिडी चढू नकोस. कृपादृष्टी अशीच असू दे आणि हाडं शाबूत असू देत.

तुझी,
स्नेहल


कसबा बावडा
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. स्नेहल हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. शिडी चढले. आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

वाडीत गेल्या गेल्या कामाचा फलक दिसला. त्यावर माझं नाव हाय का, हे चहावाल्याकडनं वाचून घेतलं, मग अंगणवाडीच्या मदतनीस बाईकडनं. दोघांनी धोंडुबाईच वाचलं. जन्मात पहिल्यांदा माझं नाव एवढं मोठं लिहिलेलं बघितलं, आणि तेबी दुसऱ्याच्या डोळ्यानं. अभियंत्याचं नावबी वाचून घेतलं.

वर सगळ्या सळया बांधून झालत्या. फोटोसाठी विजूनं फळीवर खुर्ची ठेवली. खाली मिक्सर फिरत होता. त्यानं नारळ दिला, मी तो मांडीत घेतला, पदर टाकला आणि बसले. म्हटलं, फलकावर दोन माणसं हाईत. एक आलीया, दुसरं बोलाव. विजू म्हणाला, साहेब वाटंत हाईत. मग म्हणाला, पुण्याला गेल्यात. मग म्हणाला, तापानं पडल्यात. एकच माणूस वाटंत, पुण्यात आणि खाटंवर! मी म्हटलं, तिन्हीकडनं बोलाव, जो आधी येईल तो चालंल.

मग तो ओरडला, आई, तुला ह्यातलं काय कळतंय! मी म्हटलं, कायबी कळत न्हाय, म्हणून तर ज्याला कळतंय त्याला मागते. मुकादम गुंडूनं मिक्सर बंद केला आणि माणसं सावलीत जाऊन बसली. विजू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, हे काम गेलं तर मी संपलो. त्याच्या डोळ्यात पाणी होतं, पोरी. मला उठावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी त्याला इचारलं, साकव बांधला तवा सळया बघायला कोण आलतं? त्यानं खिशातनं फोन काढला. माझाच.

दुपार कलल्यावर तो आदर्श आला. कोवळं पोरगंच हाय. नाव कागदापुरतं दिलतं, ते फलकावर बघून माझ्याएवढंच दचकलं. वर आलं, सळया बघितल्या, ठीक म्हणालं. मग खाली गेलं आणि लई वेळ वर आलं न्हाय. स्लॅबला खालनं दिलेलं टेकू भुसभुशीत भरावावर विटा ठेवून उभं केलतं. वर काँक्रीटचा माल पडला असता तर विटा रुतल्या असत्या आणि माझ्यासकट सगळं खाली आलं असतं. आज ओतायचं न्हाय, असं त्यानं स्वतःच विजूला सांगितलं. विजू त्या विटांकडं बघत उभा राहिला. गाडीवर परत येताना बावड्याच्या कमानीपाशी एवढंच म्हणाला, आई, नारळ सांभाळून धर.

टेकू परत ठोकलं, आणि परवा शुक्रवारी स्लॅब ओतला. आदर्श सकाळपासनं शेवटच्या घमेल्यापर्यंत उभा होता, विजू त्याच्या शेजारी. नारळ मीच फोडला. फोटोत मी हसले न्हाय. कागदावर जायचा फोटो हाय, उगं कशाला पुरावा द्या.

फोन परत मिळाला. विजू आता पाया पडत न्हाय आणि चहातली साय गेली, त्यामुळं जरा विश्वास बसायला लागलाय. काल त्यानं एक अर्ज आणून पुढ्यात ठेवला. हे काम पुरं झालं की माझ्या नावची नोंदणी बंद करायची, आणि त्याची बंदी उठंल तवा तो स्वतःच्या नावानं अर्ज करणार, असं त्यात लिहिलंय म्हणतो. रुबीनानं वाचला, बादशहानं वाचला, तसंच हाय म्हणाले. तरी सोबत धाडलाय. तू वाच, आकारामांना दाखव आणि परत धाड. मग अंगठ्याचं बघू. तोवर विजूला दम धरू दे, मी कुठं मरत न्हाय. तपासणी झालीया.

माझ्यावर लोभ कर बाय, आता वाढवलास तरी चालंल. ह्या वेळी चिंधी लावू नको म्हणून मी रुबीनाला सांगितलंय. खालचा अंगठा माझाच हाय. हा मात्र कुणी मागितला न्हाय.

तुझी आजी,
धोंडुबाई
(निशाणी डावा अंगठा)