लिव्हरकडं जाणारी शीर

१२ नोव्हें., सांगली
सुकुमारला रक्ताची उलटी होऊन आज तिसरा दिवस. स्थिर आहे. धाकटा भाऊ माझा, कवठे महांकाळला द्राक्षबाग. डॉ. म्हणाले, लिव्हर ठीक. लिव्हरकडं रक्त नेणारी मोठी शीर, पोर्टल व्हेन, गुठळीनं बंद. गुठळी जुनी. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात, त्यातली एक फुटली. दुर्बिणीतून रबरी बँड लावले. ३०ला पुन्हा लावायचे. चुकवायचं नाही.

१३ नोव्हें.
सु.चा एकच धोशा : "आक्का, लिव्हरचं कुणाला बोलू नको." गावात लिव्हर म्हणजे दारू. आम्ही जैन, हा तर सूर्यास्तानंतर जेवतही नाही. पण सुप्रियाला, त्याच्या मुलीला, २९ला पाहायला येणार. वैनीनं सगळ्यांना ॲसिडिटी सांगून ठेवलंय.

१५ नोव्हें.
डिस्चार्ज. शीर समजावायला कागद घेतला. आतड्यांची शीर आणि प्लीहेची शीर स्वादुपिंडामागं एक होतात, ती पोर्टल. हृदयाकडं थेट जात नाही. आधी लिव्हरात शिरते, तिथं पुन्हा बारीक फाटे...
सु.नं पेन काढून घेतलं. "म्हंजे बागेतल्या ड्रिपची मेनलाइन चोंदली, प्रेशर मागं आलं, कच्च्या नळ्या फुटल्या. एवढंच की गं! पेपरात बी असंच लांबवत हुतीस?"
आयुष्यभर पेपरच्या डेस्कवर दुसऱ्यांची बातमी कापली. आज माझी.

२६ नोव्हें.
सु.चा फोन. ३० पुढं ढकल म्हणतो. "आदल्या दिवशीच पाव्हणं. दवाखान्यात दिसलो तर?"
"आणि पाव्हण्यांसमोरच फुटली तर?"
फोन ठेवला त्यानं. जरा जास्तच बोलले.

२९ नोव्हें., क. महांकाळ
पाहुणे आले. पोहे यायच्या आधीच सु.नं सांगून टाकलं, "लिव्हर चांगलं हाय. आत जाणारी शीर बंद हाय. दारू न्हाई. उद्या सांगलीला दवाखान्यात जायचंय." वैनी दारातच थांबली.
मुलाचे वडील हसले. "आवं, एवढं खरं कोण सांगतंय?" मग, "ह्ये पोरीला बी होतंय काय?"
सु.नं माझ्याकडं पाहिलं. रक्त गोठण्याचा दोष कधी घराण्यातून येतो. त्याची तपासणी अजून व्हायचीय. तेच सांगितलं.
"कळवतो," म्हणून गेले.
सुप्रिया कपबशा विसळत होती. "आत्या, उद्या पप्पांसंगट मी बी येते. माझं बी रक्त बघा म्हणावं."
वैनी नको म्हणते. सकाळी सातची एसटी. तिघं जायचं की दोघंच, अजून ठरलेलं नाही.