तात्या हल्ली प्रत्येक पुस्तकाला चांगलं म्हणतेत

५ जानेवारी, रविवार

टोमणाच हाय हा, दुसरं काय. दहावीचं गाईड, भूगोलाचं. खव्याच्या टेम्पोत, डब्यांच्या वर, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गाठ मारून. मी नववीत शाळा सोडली ते तात्यांच्या मनातनं अजून जात न्हाय. आपलं काय ठरलंय? त्यांनी बाजारातनं पुस्तक घ्यायचं, वाचायचं, मग मला हैदराबादला पाठवायचं. मी वाचलं की रविवारी फोनवर भांडायचं. त्यात शाळा आणायची न्हाय. चुलते असले म्हणून काय झालं.

सलीमभाई टेम्पोवाला हसत होता. "चचा ने खुद ला के दिया, बोले लौंडे को बोलो आराम से पढ." आराम से.

फोन केला. म्हणलं, तात्या, पुस्तक मिळालं. म्हणले, "वाच. चांगलं हाय." म्हशी तळ्यात उतरल्या म्हणून ठेवून दिला.

राग आला तरी चाळलं. चित्रं बरी. प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन ठेवलेत, मग वाचायचं कशाला.

८ जाने.

दिवसभर पेढा. आपल्याच भूमकडचा खवा, मळणारा मीच, आन पाटी सेठच्या नावाची. मन लागत न्हाय. हडपसर झालं, सुरत झालं, हे तिसरं. परवा एकजण बंगळूरला चल म्हणत होता. गेलो असतो. पण तिकडं आपला टेम्पो जात न्हाय.

१२ जाने., रविवार

नवीन पु. आलं, तीन दिवसांत संपलं. एक मास्तर पेटी घेऊन डोंगरातल्या गावात जातो. गावात दारू, भांडणं, अंधश्रद्धा. मास्तर बोलतो, गाव ऐकतं. शेवटाला सगळे हात जोडून उभे, मास्तर एस.टी.त बसून डोळे पुसतो.

मत: असलं गाव मी बघितलं न्हाय. आमच्या ईट गावाला नवा मास्तर आला की पहिलं विचारतेत, खोली कुणाची घेतली आन भाडं किती ठरलं. हात कोण जोडतंय. पुस्तकभर एक माणूस मास्तरला उलट बोलत न्हाय. पेटीचं वर्णन मात्र झकास.

वाटलं, तात्या ह्याला फाडून खातेल. मागल्या वर्षी एका लेखकानं ज्वारीची काढणी दिवाळीत दाखवली तर कसले तापले होते. "ह्याला ज्वारी कधी काढतेत ते म्हाईत न्हाय आन निघाला गाव लिहायला." मी आपला लेखकाची बाजू घेत होतो, उगं भांडण चालू राहावं म्हणून.

आज म्हणले, "चांगलं लिवलंय."

मी म्हणलं, काय चांगलं?

"सगळंच."

१९ जाने., रविवार

पैलवानाचं आत्मचरित्र. पहिली शंभर पानं लई भारी. थंडाई कशी वाटायची, तालमीत पोरं कशी झोपायची, वस्ताद कुणाला का मारायचा. पुढं पैलवान मोठा होतो आन मग नुसते सत्कार. कुणी हार घातला, कुणी फेटा बांधला. माणूस मोठा झाला की त्याच्या पुस्तकातलं जेवण आधी जातं, असं दिसतंय.

तात्या स्वतः तालमीतले. म्हणून मुद्दाम काडी टाकली. म्हणलं, तात्या, एकदम भिकार पुस्तक, पैलवानांना लिहायला येत न्हाय.

"व्हय, भिकारच हाय."

मग त्यांनी विचारलं जेवलास का.

असं कधी झालं न्हाय. लहानपणी आई-बाप ऊसतोडीला गेले की मी तात्यांकडं असायचो. म्हशी माळावर सोडायच्या आन बाभळीखाली बसून त्यांनी मला वाचून दाखवायचं. वाचता वाचता लेखकाला शिव्या. मी शाळेत शिकलो त्याच्यापेक्षा त्या बाभळीखाली जास्त शिकलो. शिव्या बी तिथल्याच. पैलवानाला भिकार म्हणलेलं त्यांनी ऐकून घेतलं, हे खरं वाटत न्हाय.

माझ्यावर रुसलेत का? का वाचतच न्हाईत?

२६ जाने., रविवार

खानावळ चालवणाऱ्या बाईची कादंबरी. ह्या वर्षातलं सगळ्यात चांगलं. बाई एकटी, पुढंमागं कुणी न्हाय, भाकरी थापता थापता माणसं ओळखती. कोण उधार बुडवणार ते त्याच्या आमटी वाढून मागण्यावरनं सांगती. रडत न्हाय, भाषण देत न्हाय. फक्त प्रत्येक धड्याच्या शेवटी लेखक चांदण्याचं वर्णन का करतो कळलं न्हाय. दिवसभर चुलीपुढं बसलेली बाई चांदणं बघत न्हाय, झोपती.

आज मी खोटं बोललो. म्हणलं, तात्या, तिचा भाऊ विहिरीत पडून मेला ते काय मला पटलं न्हाय.

तात्या लगेच म्हणले, "मरू दी. तसलाच होता तो."

पुस्तकात भाऊ न्हाय. विहीर बी न्हाय.

मी "व्हय" म्हणलं आन ठेवलं.

२७ जाने.

काकूला फोन केला. तात्या म्हशींमागं गेल्यावर.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. काय झालंय?"

"दिवाळीपासनं दिसत न्हाय नीट. अक्षरं पाण्यात पडल्यावानी दिसतेत म्हणं. परवा म्हैस दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरली, ह्यांना मालक वरडल्यावर कळलं."

"मग पुस्तकं कशी घेतेत?"

"हातानं चाचपून. जाड असंल ते घेतेत. म्हणतेत, पोराला पुरलं पाहिजे."

तात्यांना साखर हाय ते म्हाईत होतं. ती डोळ्यात उतरलीय. बार्शीच्या डॉक्टरनं सांगितलं, डोळ्यात सुया घ्याव्या लागतेल, लवकर, जे गेलं ते परत येणार न्हाय पण उरलंय ते राहील. डोळ्यात सुई म्हणल्यावर तात्या चपला घालून उठले ते थेट स्टँडवर. काकू मागनं पळाली. वर तिला शपथ, पोराला सांगायचं न्हाय.

गाईड टोमणा नव्हता. जाड होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

आलेलं पु. मी आधी वाचलं न्हाय. फोन लावला आन म्हणलं, तात्या, इथं पोरांना वाचून दाखवतोय, तुमी बी ऐका, म्हशीची गोष्ट हाय. खोटंच. संगं काम करणारी पोरं झोपली होती.

एका माणसाची म्हैस चोरीला जाते आन तो ती शोधत बाजारा-बाजारानं चालत निघतो. एक पान झालं. दुसरं पान. मग:

"थांब. म्हैस न्यायची तर चोर आधी रेडकू उचलतो. रेडकू पुढं, म्हैस आपोआप मागं. ह्यानं म्हशीला दावं लावून वढत नेली. अक्कल कुणाला न्हाय, चोराला का लेखकाला?"

मी म्हणलं, घाईत असंल चोर.

"घाईत असलेला माणूस म्हैस चोरत न्हाय, कोंबडी चोरतो."

हसू आलं, दाबलं. डोळ्याचं दोघं बी काही बोललो न्हाय. मला कळलंय हे त्यांना कळलंय.

७ फेब्रु.

आता रोज दुपारी. भट्ट्या बंद झाल्या की मी गोदामाच्या पायरीवर, तात्या तळ्याच्या काठाला. पोरं बी खरंच ऐकायला लागली. तात्यांचा संशय गोष्टीतल्या मेव्हण्यावर. म्हैस गेली त्या दिवशी तो पाहुणा आला होता आन कुत्रं भुंकलं न्हाय, म्हणून. मी म्हणतो मेव्हणा गरीब हाय बिचारा, बहिणीसाठी गूळ घेऊन आला होता. "गूळ कुत्र्याला घातला त्यानं," तात्या म्हणले.

मत: लेखकाला म्हशीचं फार कळत न्हाय पण चालण्याचं कळतं. माणूस चालून दमला की काय विचार करतो ते बरोबर लिहिलंय. तात्यांना हे मान्य न्हाय. त्यांच्या मते म्हशीवाला एवढा विचार करत न्हाय. म्हणलं, तुमी करता की. "मी वाचलेला म्हशीवाला हाय."

११ फेब्रु.

आज विषय काढला. सरळ. म्हणलं, तात्या, बार्शीला कधी जाता? माझ्या ओळखीत एकानं इथं घेतल्या सुया, काय व्हत न्हाय, थेंब टाकून बधिर करतेत.

"कशाला पण?"

"वाचायला."

"तू वाचतोस की. ऐकायला बरं वाटतंय उलट. मग डोळ्यात सुया खुपसून घेऊ कशाला?"

मीच त्यांची सोय करून दिली. रोज वाचतोय आन रोज त्यांचं जाणं लांबतंय. उजेड दिसतोय तोवर ते म्हणणार भागतंय. मला वाटत होतं मी चांगलं काम करतोय.

१६ फेब्रु., रविवार

केलं.

गोष्टीतला माणूस एका आडगावच्या बाजाराला पोचतो. बाजार उठलाय. चालता चालता एका भिंतीपलीकडनं रेकणं ऐकू येतं. त्याला आवाज ओळखू येतो. तो दार वाजवतो. आतनं कडी काढल्याचा आवाज.

तिथं पुस्तक मिटलं. म्हणलं, पुढचं बार्शीहून आल्यावर.

तात्यांना आधी चेष्टा वाटली. "वाच, वाच."

"न्हाय."

"पुस्तक माझ्या पैशाचं हाय."

"व्हय, तुमचंच हाय."

"मग वाच की लेका."

"सुई घेऊन या. त्याच दिवशी वाचतो."

मग जे बोलले ते लिहीत न्हाय. माझ्या बापाला सुद्धा त्यात घेतलं, तो त्यांचाच भाऊ असून. फोन आपटला.

मी बी पुढचं वाचलं न्हाय. पोरं मागं लागली होती. पेटीत टाकून कुलूप लावलं.

१९ फेब्रु.

सलीमभाई आला. "चचा बोले किताब वापस लाओ." म्हणलं, चचा को बोलो किताब बार्शी में मिलेगी. तो म्हणला तुमच्या घरातल्या भांडणात मला कशाला घालता, मी खवा आणतो.

शेजारच्या पोरीकडनं वाचून घ्यायचा बेत होता म्हणं तात्यांचा.

दुसरं पु. घेतलं, भुतांच्या गोष्टी. भूत कोण ते पहिल्या पानावर कळतं, माणसांना तेवढं शेवटपर्यंत कळत न्हाय. निम्म्यात ठेवलं. खरं म्हणजे पुस्तकाचा दोष किती आन माझा किती, सांगता येत न्हाय. लक्षच न्हाय.

२१ फेब्रु.

काकूचा फोन. आता तीच माझ्यावर चिडली. "दिवसभर गप बसून असतेत. जेवण बी अर्धं. वाच बाबा तू, म्हाताऱ्या माणसासंगं हट्ट करू नगस."

म्हणलं, काकू, मी वाचलं तर ते जाणार न्हाईत.

"न वाचून तरी कुठं गेले?"

फोन ठेवून पेटीचं कुलूप काढलं. पुस्तक हातात घेऊन पायरीवर बसलो. फोन लावला न्हाय. परत पेटीत ठेवलं. आपण बरोबर करतोय का नुसतं जिंकायला बघतोय, कळंना. बंगळूरचं परत विचारायला आला होता तो, त्याला नको म्हणून सांगितलं. का सांगितलं ते त्याला बी कळलं न्हाय.

२३ फेब्रु., रविवार

काकूचाच फोन, पण मागनं तात्यांचा आवाज. माझ्याशी बोलत न्हाईत, काकूला सांगतेत, मला ऐकू जाईल असं.

"त्याला सांग, दार मेव्हणाच उघडणार. तसं नसंल तर पुस्तक भिकार."

काकू म्हणली, "ऐकलंस?"

"ऐकलं. बरोबर का चूक ते बार्शीहून आल्यावर म्हणावं."

"त्याला इचार, मेव्हण्याच्या हातात कंदील हाय का?"

"बार्शीहून आल्यावर."

मागं म्हशीच्या गळ्यातलं वाजत होतं. मग तात्या म्हणले, काकूलाच, "सुई किती बारीक असती ते इचार त्याला. त्याच्या ओळखीचा माणूस हाय म्हणतो."

म्हणलं, केसाएवढी. माझ्या ओळखीचा माणूस बिणूस कुणी न्हाय. डॉक्टरच्या बोर्डावर चित्र असतं, ते बघितलेलं.

काकू फोन घेऊन बाहेर आली. हळू आवाजात: "जातो म्हणले न्हाईत. न्हाय बी म्हणले न्हाईत. तू सुयांचे पैसे पाठवून ठेव, बघू."

सेठकडनं पगारातनं उचल घेतली. काकूच्या नंबरवर टाकतोय. बारा हजार.