गिळलेला आवाज

३ डिसेंबर, नंदुरबार
आले एकदाची! विज्ञानमालिकांना आवाज देण्यात उमेदीची वर्षं गेली, पण वाट्याला काय, तर यानाचा संगणक. ‘प्राणवायू कमी होत आहे’ एवढंच गोड आवाजात सांगायचं. इथे मात्र थेट राणी. परग्रहावरची, चिखलात लोळणारी का होईना, पण राणी. मालिका अहिराणीत डब होतेय आणि अहिराणी तर माझ्या घरची. स्टुडिओवाले जहीरभाई भला माणूस, वरची खोली राहायला दिली. खिडकीतून वाळत घातलेल्या मिरचीच्या लाल पथाऱ्या दिसतात. लगेच धुळ्याला आईला फोन केला. मोतीबिंदूमुळे बिचारीला अक्षर दिसत नाही, माझा आवाज कानावर पडला की तिचा जीव भांड्यात पडतो. म्हणाली, मन्ही पोर राणी व्हयनी.

५ डिसेंबर
शी, शी, शी. राणीचा आवाज ओला हवा म्हणून तोंडात भेंडीचं बुळबुळीत पाणी धरून बोलायचं. बोलून झालं की सगळ्यांदेखत एकाच पितळी पिकदाणीत थुंकायचं. तीत आधीच्या लोकांचं असतंच, वर साय धरलेली. जहीरभाईंनी दोनदा बजावलं की गिळायचं नाही. त्यांचे अब्बा जत्रेत जनावरांचे आवाज काढायचे. उसना आवाज पोटात ठेवू नये, थुंकून मोकळं व्हावं, हा त्यांचा दंडक इथे अजून पाळतात. मी मान डोलावली, पाठ फिरवली आणि गिळलं. चारचौघांत पचापचा थुंकायला मी काय पानाच्या टपरीवर उभी आहे?

८ डिसेंबर
रोज गिळतेय. काम मात्र झकास, राणी ऐकून जहीरभाईंच्या अंगावर काटा आला. घसा खवखवतो. मिरचीचा ठसका, दुसरं काय! डबा आणणाऱ्या सिंधुबाई आज विचारत होत्या, ताई, घास संपला तरी तुमच्या गळ्यात चपचप कशाची? मी त्यांना उडवून लावलं. नंतर एकटी बसून ऐकलं. येते खरी चपचप.

११ डिसेंबर
दात घासताना घशातून काहीतरी वर आलं. पांढरं, कोमट, साबुदाण्याच्या खिरीसारखं. बेसिनमध्ये पडलं आणि कडेने वर सरकायला लागलं. मी बादलीभर पाणी ओतलं. मग आरशासमोर तोंड उघडलं. पडजिभेशेजारी आणखी एक पडजीभ आहे. ती हलत होती. मी हलवत नव्हते.

१२ डिसेंबर
जहीरभाईंना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. मीठपाणी पाजलं, घशात बोटं घालायला लावली, पिकदाणी पुढे धरली. आज लाज नव्हती. थुंकायचंच होतं. पण आतून धरून ठेवलंय — थुंकी ओठापर्यंत येते आणि परत जाते. जहीरभाई उपाय विचारायला अक्कलकुव्याला गेलेत, अब्बांचा एक जुना जोडीदार तिथे असतो. तोंड उघडलं की राणीच बोलते. माझा आवाज येतच नाही.

१३ डिसेंबर
सिंधुबाईंनी रांधायला आणलेली कलेजी कच्चीच खाल्ली. रक्त कोपरापर्यंत. त्या डबा टाकून पळाल्या. मला चव आवडली — याचीच जास्त किळस येते.

दुपारी
आईचा फोन. उचलायचा नव्हता, हाताने उचलला. ओठ घट्ट मिटलेले. पोटातून माझा आवाज बोलला, माझाच, गोड. बरं नाही गं आई, ये ना, एकटीच ये. ती निघतेय. जहीरभाईंना मेसेज टाकले, ते बघत नाहीत — आईला मेसेज टाकून उपयोग काय —

१४ डिसेंबर
जिन्यावर आई. दाराला पलंग लावलाय. तोंडात ओढणी कोंबलीय, तरी आतून माझ्या आवाजात उत्तर गेलं, दार ढकल गं. आई हसली. म्हणाली, आवाज ते चांगला शे तुन्हा, मी उगीच घाबरनू.

पलंग सरकतोय. तिने ढकलला नाही, माझे पाय —

‘जा आई’ लिहून चिठ्ठी दाराखालून सरकवली. ती विचारतेय, हाई काय शे, वाची दाखाड ना —

आतून माझ्याच आवाजात वाचून दाखवलं गेलं. ये म्हणून —

तोंडाला पाणी सुटलंय. शी. माझ्याच तों—