बारा वेळा, आवाज न करता

१९ जुलै
पारा तेहतीसवर, आणि मी लोकरीचा ओव्हरकोट घालून मेन स्ट्रीटवर नाताळ साजरा करतोय!

सिनेमावाले आलेत. माझी बहीण नोरीन हिवाळाभर टीव्हीवर नाताळचे प्रेमाचे सिनेमे बघते, त्यातलाच एक आमच्या गावात बनतोय. रस्त्यावर कापूस, छपरांवर साबणाचा फेस. खिळे-पत्र्याच्या दुकानाची चार दिवसांपुरती बेकरी झाली आहे. माझा घोडा मेजर आणि आजोबांची बर्फावरची घसरगाडीही त्यांनी घेतली. बर्फच नाही, म्हणून गाडीखाली चाकं बसवून वर पांढरी चादर लावली. मेजरने बेकरीच्या दारावरचं हिरवं तोरण खाल्लं. निम्मं प्लास्टिकचं होतं. अजून तरी ठीक आहे.

२० जुलै
आज घोड्याला सुट्टी, मला जुंपलं. नायक-नायिका बेकरीपुढे बोलत असताना मागून एक जोडपं जायला हवं होतं. सिनेमावाल्यांच्या, कानात वायरलेस घातलेल्या मुलीने मला आणि पोस्टातल्या ग्लेंडाला शेजारी उभं केलं.

"काका, तुम्ही दोघं नवरा-बायको. हातात हात घ्या, एकमेकांकडे बघत गप्पा मारत चाला. आवाज मात्र नको, नुसते ओठ हलवा."

"लग्नाला किती वर्षं झालीत आमच्या?" ग्लेंडा.

"म्हणजे?"

"नाही, वीस झाली असतील तर हात कशाला धरायचा?"

ग्लेंडाचा नवरा जाऊन चार वर्षं झाली. रविवारी ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. मी तिसऱ्या बाकावर. तिथून तिची पाठ दिसते. दोन वर्षं त्या पाठीकडे बघतच प्रार्थना करतोय. देव समजून घेईल.

पहिल्या खेपेला ओठांनी तेविसावं स्तोत्र म्हटलं, अंत्यविधीला म्हणतात ते. दुसऱ्या खेपेला काय झालं कोण जाणे — ओठांवर आलं, 'ग्लेंडा, कॅलगरीला जाऊ नकोस.' तिची मुलगी तिला कायमचं तिकडे बोलावते आहे. आवाज नाही, मग भीती कसली? तेरा खेपा झाल्या. एक स्तोत्राची, बारा त्या वाक्याच्या.

ओठ तिचेही हलत होते. मला काही कळलं नाही. नंतर विचारलं, काय बोलत होतीस? म्हणाली, "किराण्याची यादी."

८ ऑक्टोबर
ग्लेंडाच्या अंगणात पाटी लागली. घर विकणे आहे.

१४ नोव्हेंबर
नोरीनचे सिनेमे सुरू. संध्याकाळी जेवण झालं की एक, कधी दोन. मी त्याच खोलीत मेजरचा साज दुरुस्त करत बसतो. बघत नाही, असं म्हणतो.

शहरातली मुलगी गावात येते. गावात एक सुतार असतो, नाहीतर झाडं विकणारा. दोघांचं पटत नाही. मग पिठाचे हात एकमेकांच्या नाकाला लागतात. ती निघायला गाडीत बसते, आणि संपायला दोन मिनिटं उरली की तो बोलतो. बर्फ पडतं.

"शेवट माहीत असलेली गोष्ट माणूस बघतो कशाला?" मी म्हटलं.

"दर नाताळला तू चर्चमध्ये बाळ गोठ्यात जन्मल्याची गोष्ट ऐकतोस. या वर्षी त्याच्या आईबापांना धर्मशाळेत जागा मिळेल असं वाटतं की काय तुला?"

मी सुईत दोरा ओवला. पण विचार करत राहिलो. आमच्या गावात शहरातून कुणी येत नाही, सगळे जातात. जाणाऱ्याला कुणी थांबवतही नाही. म्हणतो, नीट जा, रस्ता निसरडा आहे. त्या सिनेमांत मात्र बोलायचं राहून गेलं असं कधी होत नाही. नोरीन म्हणूनच बघते का? तीही कुणाला तरी 'नीट जा' म्हणाली असेल. विचारलं नाही. आम्ही विचारणाऱ्यांतले नाही.

आज साज टाके उसवून पुन्हा शिवला. सिनेमा मोठा होता.

१९ डिसेंबर
आमचा सिनेमा लागला. चर्चच्या हॉलमध्ये पडदा लावला होता, गाव लोटलं होतं. मेजर दिसला तेव्हा टाळ्या पडल्या. मग बेकरी. नायक-नायिकेच्या खांद्यांमधून मी आणि ग्लेंडा. माझा चेहरा स्पष्ट, ओठ हलताहेत.

"थांबवा, मागे घ्या!" कुणीतरी ओरडलं. तीनदा मागे घेतलं.

"लाइल काय म्हणतोय रे?"

"'उकडतंय' म्हणतोय."

"उधारी मागतोय."

तेवढ्यात मागून ग्लेंडा शांतपणे म्हणाली, "मेजरला हाक मारत होता. तोरण खात होता ना तो." सगळे हसले, सिनेमा पुढे सरकला.

सुटलो. पण मेजर त्या दिवशी तबेल्यात होता. ग्लेंडाला ते माहीत आहे.

२० डिसेंबर
नोरीनला सहज म्हटलं, काल ग्लेंडा असं का म्हणाली असेल?

तिने हातातलं लाटणं ठेवलं. "तिची आई ठार बहिरी होती. नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात असायची, मी तिथे कामाला होते तेव्हा बघायचे ना. मायलेकी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या ओठांनी बोलायच्या. तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. ग्लेंडा लग्न होऊन नदीपलीकडून आली.

म्हणजे तिला जुलैपासून ठाऊक आहे. बाराही वेळा. आणि तरी पाटी लावली.

तेच उत्तर म्हणायचं. देवा, ते गोड मानून घ्यायला शिकव.

२३ डिसेंबर
घर बघायला ऑटवाहून एक जोडपं आलं होतं. नोरीन पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "दोन मिनिटं उरलीत, लाइल."

हिला काय काय माहीत आहे?

२४ डिसेंबर
पाचची उपासना संपली. मेणबत्त्या विझवून लोक गेले. ग्लेंडा ऑर्गनवरची पानं गोळा करत होती. मी तिसऱ्या बाकावरून उठलो. त्या बाकापासून ऑर्गनपर्यंत चौदा पावलं आहेत, पहिल्यांदाच चाललो.

तोंड उघडलं, तेवढ्यात पाळकसाहेब आत आले — घड्या केलेल्या खुर्च्या कुठे ठेवायच्या? अगदी सिनेमातल्यासारखं. त्यांना खुर्च्यांची जागा सांगितली. ते गेले.

बाहेर बर्फ नव्हतं. भुरभुर पाऊस, चिखल.

बोललो. आवाजात. रिकाम्या चर्चमध्ये तो फारच मोठा आला.

ती पानं नीट लावत राहिली. मग म्हणाली, "पहिल्या खेपेला तेविसावं स्तोत्र का म्हणत होतास? मला वाटलं, मरतोय की काय हा." आणि हसायला लागली. मग डोळे पुसले, आणि म्हणाली की कॅलगरीला जाईन, पण एप्रिलमध्ये, आठवड्यासाठी, आणि कुणी सोबत आलं तर.

२६ डिसेंबर
रात्रीत जमीन गोठली, पाटी उपटायला पहार लागली. ग्लेंडा कॉफी घेऊन शेजारी उभी होती. मी विचारलं, जुलैत खरंच किराण्याची यादी म्हणत होतीस?

"नाही."

"मग?"

"'मोठ्यानं बोल.' बारा वेळा."