बाहेरगावी गेलेल्यांचा दिवा

८ डिसेंबर १९७९

आमच्या कॉलनीतल्या पगारे यांना अटक झाली! विद्यापीठाच्या नामांतरासाठी सत्याग्रहाला ते औरंगाबादला गेले होते. त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई मुलांना घेऊन सायखेड्याला माहेरी निघाल्या. जाताना घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "बाई, घर अंधारात ठेवू नका. काल कोणीतरी काच फोडली. दिवा दिसला तर दुसरा दगड यायचा नाही."

मी त्यांना निश्चिंत केले. माझी जादा किल्ली शेजारच्या लंकाबाईंकडे असते, तशी ही माझ्याकडे. शिवाय दिव्याची रीत आमच्या कॉलनीला नवी नाही! आणीबाणीत लंकाबाईंचे यजमान रंगनाथराव तुरुंगात होते, तेव्हा लंकाबाईही माहेरी होत्या; त्यांच्या बंद घरात आम्ही पाळीपाळीने दिवा लावला. त्यांचे राजकारण निम्म्या कॉलनीला पटत नव्हते. पगाऱ्यांना तर मुळीच नाही. तरी पगाऱ्यांनी आपली पाळी कधी चुकवली नाही.

९ डिसेंबर

सर्वांना बोलावून नीट समजावले. वर्गात दोन परीक्षानळ्या शेजारी ठेवते, तसेच — इकडे रंगनाथराव, तिकडे पगारे. मतासाठी तुरुंगवास दोघांनाही. बंद घर दोघांचेही. मग दिवा एकाच घरात का? युक्तिवाद इतका स्वच्छ उतरला की माझे मलाच समाधान वाटले!

रंगनाथराव म्हणाले, "आमचं वेगळं होतं, बाई. आम्ही लोकशाहीसाठी आत गेलो. ह्या लोकांना भांडायला निमित्त लागतं."

पलीकडचे निवृत्ती शिंपी म्हणाले, "पगारे तसे चांगले हो. त्यांच्यातले वाटतच नाहीत!" हे त्यांनी कौतुक म्हणून सांगितले.

तरी अखेर सर्वांनी माना डोलावल्या. पहिली पाळी निवृत्तींची.

१० डिसेंबर

निवृत्ती विसरले. मी लावला.

१३ डिसेंबर

सगळेच विसरतात. नकार मात्र कोणी देत नाही. "हो हो, बाई, नक्की!" — आणि दार बंद. म्हणून रोज मीच जाते. दिवेलागणीला बल्ब लावते, तिथेच वह्या तपासत बसते. तेवढ्यात समोरच्या खिडक्या एकेक करून मिटतात. आवाज न करता. डासांमुळे असेल.

१६ डिसेंबर

नळावर लंकाबाईंना विचारले, "वहिनी, पाणी किती वाजेपर्यंत आहे आज?" त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिले. रागाने नव्हे. रिकाम्या रस्त्याकडे पाहावे, तसे. पुन्हा विचारले. त्यांनी कळशी उचलली आणि गेल्या.

ऐकू कमी येत असावे. पण मग निवृत्तींनाही? आणि रंगनाथरावांनाही? एकाच आठवड्यात?

१८ डिसेंबर

भिका दूधवाला आलाच नाही. कोपऱ्यावर गाठला, तर सायकलसकट दचकला!

"अवं बाई, तुमी हाय व्हय इथं? लंकावैनी म्हनल्या, बाई गेल्या, दूध टाकू नको."

"कुठे गेले मी?"

"ते नाय सांगितलं. पन लय वाईट वाटत व्हतं त्यान्ला. डोळं पुसत व्हत्या."

दूध तापत ठेवून विचार करत बसले. ते उतू गेले. प्रत्येक गोष्टीला कारण असते, हे मी आयुष्यभर शिकवले. याचेही असणार. सापडले की इथे लिहीन.

२० डिसेंबर

पगाऱ्यांचे बंधू सहादू येऊन गेले. सुटका दोन-चार दिवसांत! सायखेड्याला निरोप गेला आहे. घराला दुसरा दगड लागलेला नाही. आनंदाने सांगायला धावत बाहेर आले. ओट्यावर सगळे बसले होते. मी सांगितले. त्यांचे कांद्याच्या भावाचे बोलणे मध्ये थांबलेसुद्धा नाही.

२१ डिसेंबर

पगाऱ्यांकडचा दिवा लावून परतले. माझ्या घराला कुलूप होते, मी लावले होते तसेच. आत दिवा लागलेला.

हातात माझी जादा किल्ली घेऊन रंगनाथराव निवृत्तींना हळव्या आवाजात सांगत होते, "आज आम्ही लावला. उद्या तुमची पाळी, विसरू नका. बाई आपल्यातल्या होत्या."

मी त्या दोघांच्या मध्ये उभी होते.