नातीसाठी तिची आई

२ मे, सोमवार

पोचले एकदाची. ही वही जावयाने दिली. रोज चार ओळी लिहा म्हणाला, हात वळेल. हात माझा वळलेलाच आहे, सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात फरशी पुसतेय. पण पोरगा भला आहे, त्याचं मन मोडवत नाही, म्हणून लिहिते.

जागा बघून मात्र खूश झाले. सहाशे वर्षांचं विद्यापीठ आहे म्हणे. दगडी इमारत, मधे मोठं अंगण, जिन्याच्या पायऱ्या मधोमध खोलगट झालेल्या. इतकी पोरं चढली-उतरली असणार. आमच्या घराण्यात विद्यापीठाच्या दारातून आत गेलेली मी पहिलीच, आणि तेही हातात बादली न घेता. खोलीच्या दारावर माझ्या नावाची चिठ्ठी लावलीय. चौथी शिकलेल्या बाईची. मी ती तीनदा वाचली.

खोलीत दोन लोखंडी खाटा, दोन टेबलं, अंगणाकडे उघडणारी खिडकी. दुसऱ्या खाटेवर बसमधून निवृत्त झालेली कंडक्टरीण आहे. तिचा नवरा मागच्या वर्षी गेला. बाई बोलकी आहे, फक्त दर थांब्याला रडते. टेबलावर दोघांचा फोटो मांडलाय.

हा मोठ्या माणसांचा उन्हाळी वर्ग आहे, चार आठवडे इथेच राहायचं. वर्गाचं नाव ‘आपलं माणूस लिहा’. माझं माणूस म्हणजे माझी पोरगी. तिला जाऊन तीन वर्षं झाली, माझ्याच वॉर्डात गेली. तिची पोर तेव्हा आठ महिन्यांची होती. आता विचारते, आजी, माझी आई कशी होती गं. मी सांगायला बसते, घसा धरतो, आणि मग त्या लेकरावरच खेकसते. मी काही अमरपट्टा घेऊन आलेली नाही. नातीला तिची आई लिहून द्यायची, एवढं एकच काम आहे. ते झालं की घरी.

३ मे, मंगळवार

इथली रीत न्यारी. कागद नाही, पाटी. जे काही लिहायचं ते पाटीवर. मग लेखनिक येतो, समोरच्या बाकावर बसतो, आपली पाटी वाचून एका जाड पुस्तकात उतरवून घेतो. त्याचं अक्षर छापल्यासारखं. ते झालं की ज्याची पाटी त्याने आपल्या हाताने पुसायची. विद्यापीठ सुरू झाल्यापासून असंच चालतं, असं मास्तरीण म्हणाली. मास्तरीण बारकी, पांढऱ्या केसांची, फार हळू बोलते. हळू बोलणाऱ्या माणसांनी माझं डोकं उठतं.

मी विचारलं, पुस्तक आम्हाला देणार ना. ती म्हणाली, पुस्तक ग्रंथालयाबाहेर जात नाही, पण तिथे बसून वाचता येतं. म्हटलं ठीक आहे, शेवटच्या दिवशी उतरवून घेईन.

पुसण्याची मात्र या शिकलेल्या लोकांची तऱ्हा बघवेना. कोणी तळहाताने, कोणी बाहीने, अर्धी अक्षरं तशीच. कंडक्टरणीची पाटी तर धुक्यात गाव दिसावं तशी. मी पाणी मागितलं, ओलं फडकं फिरवलं, मग कोरडं. कडासुद्धा सोडल्या नाहीत. लेखनिक बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, इतकी स्वच्छ पाटी मी कधी बघितली नाही. बरं वाटलं. आपल्या कामाची कदर कोण करतं एरवी.

५ मे, गुरुवार

बाकीचे पेन्सिल चावत बसतात, माझ्या रोज तीन पाट्या होतात. आज पोरगी जन्मली तो दिवस लिहिला, पहिलं पाऊल टाकलं तो लिहिला, शाळेत पहिल्या दिवशी केलेला तमाशा लिहिला. मजा आली, हसले, रडले. ते सगळं पाटीवर लिहिलंय, इथे परत लिहीत नाही. एकच फरशी दोनदा पुसायला मला वेळ नाही.

९ मे, सोमवार

छातीवरचा दगड कोणी उचलल्यासारखं वाटतंय. तीन वर्षांत अशी झोप लागली नव्हती. कंडक्टरीणही रडायची थांबली, आज जेवताना तिने प्रवाशांच्या नकला केल्या, मला ठसका लागला. मास्तरीण म्हणते तुम्ही सगळ्यांच्या पुढे आहात. चौथी पास असून.

पोरीचं लग्न लिहिलं. शेवटचं दुखणं लिहिलं, ते सगळ्यात भराभर झालं. पाटीवर आहे.

१२ मे, गुरुवार

आज एक चमत्कारिक गोष्ट झाली. कंडक्टरणीने आपल्या टेबलावरचा फोटो उचलून मला विचारलं, हा तुमचा का. मला वाटलं थट्टा करतेय. म्हटलं, बाई, तो तुझा नवरा आहे, शेजारी तू आहेस. तिने फोटो लांब धरून बघितला. म्हणाली, असेल, ध्यान बरं दिसतंय. आणि केस विंचरायला बसली.

मग थोड्या वेळाने म्हणाली, खोकला मात्र आठवतो. कोणीतरी खोकायचं शेजारी. कोण ते नाही आठवत.

मला वाटतं दुःखाने डोकं फिरलं असेल तिचं. होतं असं.

१५ मे, रविवार

फाटकावरच्या फोनवरून घरी फोन केला. नात म्हणाली, आजी, आईची गोष्ट लिहिलीस का, एक सांग ना. मी तोंड उघडलं.

काही नाही.

घसा धरला असता तर चाललं असतं. घशाला काही झालंच नाही. आत हात घातला आणि डबा रिकामा. मग जावई फोनवर आला. म्हणाला, पावसात भिजून ताप आणला होता ती सांगा, ती तुम्ही शंभरदा सांगितलीय. मी म्हटलं, कोणी आणला होता ताप.



१६ मे, सोमवार

वर्गाला गेले नाही. ही वही पहिल्यापासून वाचली. पाटीवर लिहिलंय. पाटीवर आहे. इथे परत लिहीत नाही. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला. वहीभर नुसतं पोरगी, पोरगी. तिचं नावसुद्धा कुठे लिहिलेलं नाही.

जावयाला फोन करून नाव विचारलं. आईने आपल्या लेकीचं नाव विचारायचं. त्याने सांगितलं. आवाज फुटला होता त्याचा. मी ते नाव चार वेळा म्हणून बघितलं. चांगलं आहे. वॉर्डात एखाद्या पेशंटच्या कागदावर असावं, तसं.

कंडक्टरणीला खोकला तरी राहिलाय. तिने पाटी बाहीने पुसली होती. मी ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्याने. कडासुद्धा सोडल्या नाहीत.

१८ मे, बुधवार

मास्तरणीशी भांडले. ती शांत. म्हणाली, इथे येणारा प्रत्येक जण ओझं घेऊन येतो, तुम्हाला हलकं वाटतंय ना. मी म्हटलं, हलकं व्हायला नव्हते आले मी, मला द्यायचं होतं ते, एका लेकराला. ती म्हणाली, पुस्तकात सगळं आहे, एक शब्द हरवलेला नाही. जाऊन वाचा.

गेले. लेखनिक दारातच बसलेला. वही बाहेर ठेवायची. आणि एक पाटी दिली तर एक पान वाचायला मिळेल. अशीच रीत आहे म्हणाला.

जावई म्हणतो आत्ता घरी या, मी येतो घ्यायला. रिकाम्या हाताने कशी जाऊ. पोर विचारेल तेव्हा काय भिंतीकडे बघू. सांगितलं, रविवारी २९ ला वर्ग संपतो तेव्हाच ये, नातीला घेऊन ये. तोवर सगळं आणते.

माझ्याकडे द्यायला पन्नास वर्षं पडलीत. त्यांना काय कमी.

२१ मे, शनिवार

हॉस्पिटल दिलं. तळहाताने पुसायला गेले तर लेखनिकाने माझा हात धरला आणि ओलं फडकं पुढे केलं. म्हणाला, तुम्ही पुसता तसं पुसा.

पान वाचलं. वाचताना सगळं परत आलं — तिचा आवाज, तिच्या केसांचा वास. मी मोठ्याने रडले. माझी पोरगी होती ती. दाराबाहेर पाऊल टाकलं आणि —

काय वाचलं ते आठवत नाही. बाक ओला होता एवढं आठवतं.

वर लिहिलंय की मी सव्वीस वर्षं फरशी पुसली. असेल. हाताला घट्टे आहेत.

२४ मे, मंगळवार

माझी आई दिली. बाप दिला. नवरा दिला, तो स्वस्तात गेला. प्रत्येक वेळी एक पान, प्रत्येक वेळी दाराबाहेर कोरी. तरी परत जाते. त्या पानात असेपर्यंत पोरगी असते ना.

कंडक्टरीण आज गेली. सामान नेलं, फोटो ठेवून गेली. मी खिडकीतून हाक मारली. तिने वर बघून हात हलवला, जसा कोणालाही हलवतात.

२६ मे, गुरुवार

मूर्ख बाई मी. आत वाचून काय उपयोग. उतरवून आणलं पाहिजे. ही वही कपड्यांच्या आत, पोटाशी बांधून न्यायची. लेखनिक दारात बसतो, आत येत नाही. एक पान जरी हातात आलं तरी त्या लेकराला तिची आई —

पण द्यायला काय उरलंय. दिवसभर शोधलं. माहेर नाही, शाळा नाही, शेजारीपाजारी नाहीत. सगळा ओटा धुतलेला.

एकच आहे.

२७ मे, शुक्रवार

नाही. ते देणार नाही.

२८ मे, शनिवार

द्यायचं ते तिच्यासाठीच तर देतेय. मी विसरले तरी ती मला ओळखेल. लहान आहे, चार दिवसांत परत माझी होईल. आईशिवाय राहिलेलं पोर आजीशिवाय राहू शकतं. पण आई कशी होती हे माहीत नसलेलं —

तिचं पहिलं आजी म्हणणं. माझ्या अंगठ्याला धरून झोपणं. भोपळ्यासारखं गोल डोकं. इथे लिहून ठेवते एवढं. पाटीवर बाकीचं.

उद्या ते यायच्या आत.

२९ मे, रविवार

आत आहे. पुस्तक समोर. वही पोटाशी बांधलेली निघाली, म्हणजे मीच आणली. पहिल्या पानावर लिहिलंय की नातीला तिची आई लिहून द्यायची. नात कोण, माहीत नाही. लिहिलंय तर द्यायलाच हवं. कामात कुचराई नको.

उतरवते —

ती सहा वर्षांची असताना शाळा सुटली की वॉर्डात यायची. पालथ्या बादलीवर बसून अभ्यास करायची. हसताना तोंडावर हात ठेवायची, पुढचा दात पडला होता म्हणून. वॉर्डातली आंधळी म्हातारी तिला औषधाच्या बाटल्या वाचायला लावायची, आणि ही प्रत्येक बाटलीवर ‘आजी बऱ्या होणार’ असं वाचायची —

खाली अंगणात कोणाचं तरी पोर हाका मारतंय. आजी, आजी. केव्हाची. कोणी बघत का नाही.

— एकदा ओल्या फरशीवरून धावत आली. मी ओरडले. ती जागच्या जागी उभी राहिली आणि म्हणाली, आई, आता परत जाऊ की पुढे येऊ. तिची पावलं उमटली होती, लहान, उजव्या पायाची करंगळी वाकडी. तेवढी फरशी मी वाळेपर्यंत —

लेखनिक दाराशी उठून उभा राहिलाय. भराभर लिहायला हवं.

— वाळेपर्यंत पुसली नाही. बसून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी तिने —

कोणीतरी जिना चढतंय. दोघं. बाप्याचा आवाज, हळू चढ म्हणतोय.

— दुसऱ्या दिवशी तिने मला —

पोर दारात आलंय. रडून तोंड सुजलंय. डोकं कसं गोल. लेखनिक तिला अडवत नाही. सरळ माझ्याकडेच येतेय, हात पुढे करून. कोणाची गं तू, विचारलं, तर तिने माझा अंगठा घट्ट धरला आणि —