कोपऱ्यावरच्या कचऱ्याची झडती

तीर्थरूप मावशी,

तुला साष्टांग नमस्कार, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा. तो आता कुरकुर न करता जिना चढू देतो का, ते कळव. काकांचा खोकला थांबला असेल अशी आशा करते. आम्ही दोघी इकडे जिवंत आहोत. ‘सुखरूप’ असं लिहिणार होते, पण पदवी घेतल्यापासून खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. आईचं शिलाई मशीन रविवारपासून बंद आहे आणि ते मी बंद पाडलं. बाबा गेल्यापासून आमचं घर त्याच मशीनवर चालतं, हे तुला मी सांगायला नको. तेव्हा आधी बसून घे.

सुरुवात पक्ष्यांपासून झाली. आमच्या खिडकीसमोरच्या झाडावर साळुंक्या आहेत. उजाडलं की त्यांचं जे सुरू होतं, त्याला गाणं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे मुक्कामाला यावं. सासवा, सुना, जावा, नणंदा, सगळ्यांची भांडणं एकदम, आणि ऐकून घेणारं कुणीच नाही. मी मुलाखतीची तयारी मोठ्याने करते (मुलाखतीला अजून कुणी बोलावलेलं नाही, पण तयारी असलेली बरी), तर मला माझीच उत्तरं ऐकू येत नाहीत. म्हणून मी प्रश्नाच्या मुळाशी गेले. साळुंक्या का जमतात? खायला मिळतं म्हणून. कुठे मिळतं? गल्लीच्या कोपऱ्यावर लोक कचऱ्याच्या पिशव्या भिरकावतात तिथे. म्हणजे पक्षी निर्दोष, दोषी नागरिक. (आई म्हणाली, त्यापेक्षा खिडकी लाव.)

कचऱ्याची गाडी रोज दारात येते, तरी हे लोक पिशव्या कोपऱ्यावर टाकतात. मी ‘येथे कचरा टाकू नये’ अशी पाटी लावली. वरच्या मजल्यावरची नर्स म्हणाली, बरं झालं, लोकांना आता जागा चटकन सापडते. मग मी पाटीवर ‘कृपया’ जोडलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्या पाटीला एक मोडकी खुर्ची टेकवून ठेवली. मग घरोघर जाऊन समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळ्यांनी शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर तर म्हणाले, “पोरी, तुझं लग्न का जमत नाही ते आज कळलं.” मी म्हटलं, मास्तर, आजचा विषय ओला आणि सुका कचरा एवढाच आहे.

शेवटी मी झडती घ्यायची ठरवली. रविवारी सकाळी सगळ्यांना बोलवायचं, पिशव्या सर्वांसमक्ष उघडायच्या, आतल्या वस्तूंवरून मालक ओळखायचा आणि ज्याची पिशवी त्याला आदराने परत करायची. आई नको म्हणाली. नुसतं नको म्हणाली नाही, माझं मनगट धरून म्हणाली, “घाणीत हात घातला की वास आपल्याच हाताला येतो गं.” मला ती तिची नेहमीची भित्री समजूत वाटली. मी तिला सार्वजनिक जबाबदारीवर छोटंसं व्याख्यान दिलं. ते ऐकून ती आत जाऊन बसली.

गर्दी चांगली जमली. (माझ्या कार्यक्रमाला एवढी माणसं पहिल्यांदाच आली. फुकट तमाशा कोण सोडतो?) पहिली पिशवी मास्तरांची निघाली; विजेच्या जुन्या बिलावर त्यांचं नाव होतं. आत मिठाईचे रिकामे पुडे होते आणि मास्तरांनी गोड सोडलंय असं त्यांच्या बायकोला वाटत होतं. गल्ली खदखदून हसली. मास्तर घरात गेले, मागोमाग त्यांची बायको गेली आणि दार लागलं. मला चेव आला. दुसरी पिशवी जड होती आणि तिला दुहेरी गाठ होती. ती गाठ मी तिथेच ओळखायला हवी होती, कारण शाळेत माझ्या डब्याच्या फडक्याला तीच असायची.

आत कापड होतं. ते कातरण नव्हतं मावशी. सबंध बाह्या होत्या, सबंध पाठी होत्या, भलत्याच रेषेवर कापलेल्या. एका गळ्याला दोनदा कात्री लागलेली. बँकेतल्या काकूंनी निळं फुलाफुलांचं कापड उचललं आणि म्हणाल्या, “अगं बाई, हे तर माझं! मग मला शिवून दिलं ते कशाचं?”

ते कशाचं होतं, ते आईने संध्याकाळी सांगितलं. कापड चुकून कापलं गेलं की ती त्याच दुकानातून तसलंच कापड स्वतः विकत आणायची, पुन्हा शिवून द्यायची आणि बिघडलेले तुकडे कोपऱ्यावर टाकून यायची. घरात टाकायची सोय नव्हती, कारण घरचा कचरा मी वेगवेगळा करते.

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. “बाईंना दिसत नाही वाटतं,” असं कुणीतरी हळूच म्हणालं आणि सगळे पांगले. दुपारी एकेक बाई आपलं कापड परत मागायला आली. गोड बोलून, “घाई नाही हो, पण असू दे,” असं म्हणत. आईने प्रत्येकीला घडी घालून दिलं. मग मशीनवर चादर टाकली. नर्स तेवढी थांबली. मोतीबिंदू असेल तर काढता येतो, पण आधी डोळे तपासायला हवेत, उशीर करू नका, असं तिने दोनदा बजावलं. आई ऐकत नाही. नंबर वाढला असेल म्हणते. काल फार मागे लागले तेव्हा म्हणाली, “आणि डॉक्टर म्हणाला, शिवण बंदच करा, तर?”

कोपरा मात्र लख्ख आहे. लोक आता पिशव्या पलीकडच्या गल्लीत टाकतात. साळुंक्या इथेच आहेत.

काकांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. आधी लिहायचं ते आता लिहिते. मावशी, तू ये. आई जगात फक्त तुला घाबरते, अजूनही. तू दरडावलंस तर ती मुकाट्याने डॉक्टरकडे येईल. मी लिहिलं हे सांगू नकोस, सहज आले म्हण.

आणखी एक. हे लिहीत असतानाच आई आली आणि कुणाला लिहितेस म्हणाली. मला लपवायचं सुचलं नाही, मी कागद तिच्या हातात दिला. तिने तो जवळ धरला, मग लांब धरला, मग उजेडाकडे वळवला आणि मला परत देत म्हणाली, “छान लिहिलंयस. माझाही नमस्कार कळव.”

तर मावशी, आईचा नमस्कार.